बिलाची पावती आपल्या हाती

(पुसेगाव येथे संक्रांतीच्या हळदी-कुंकू मेळाव्यात आर्थिक साक्षरता सखीने केलेलं हे भाषण. शेतीच्या कामामुळे ज्या तायांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

 

तुरीची रास व्हायची आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचंय, हळदीची काढणी तोंडावर आली आहे. अशा दिवसांत तुम्ही वेळ काढून आलात, म्हणून मी लांबण लावत नाही. आज एकच विषय घेऊ. घरचं लाईट बिल मोबाइलवरून का भरायचं, कसं भरायचं आणि भरताना काय सांभाळायचं.

आपली पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. गटात दहा रुपये आले तरी आपण लिहितो. कोणी दिले, कोणत्या तारखेला दिले, शिल्लक किती राहिली, सगळं वहीत असतं. कोणी म्हणालं, “मी तर दिले होते,” तर आपण भांडत नाही, वही उघडतो.

आता घरचं बघा. लाईट बिल किती आलं हे आपल्याला माहीत असतं, कारण पैसे आपणच डब्यातून काढून देतो. पण पुढे काय होतं? कोणी हिंगोलीला चाललं असलं तर त्याच्या हातात पैसे देतो. शेजारचा पोरगा सेनगावला चालला असला तर त्याला सांगतो. पावती आली तर आली. पावती मागायला गेलं की, “माझ्यावर विश्वास नाही का?” म्हणतात. मग आपण गप्प बसतो. गटातल्या दहा रुपयांचा हिशेब मागणारी बाई घरच्या हजार रुपयांची पावती मागत नाही.

आणि याचं नुकसान कोणाला होतं? घरात एकटी राहणारी एखादी ताई असते. तिचा मालक गेलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. ती दर महिन्याला विश्वासाने कोणाकडे तरी पैसे देते. चार महिन्यांनी बिल बघावं तर मागची थकबाकी तशीच, वर व्याज. पैसे दिले हे तिला पक्कं माहीत आहे, पण दाखवायला कागद नाही. मग तेच पैसे तिला पुन्हा भरावे लागतात. अशी गोष्ट तुमच्यापैकी अनेकींनी आपल्या गल्लीत ऐकली असेल. त्या माणसाने मुद्दाम खाल्ले असं मी म्हणत नाही. कधी दुसऱ्या कामाला खर्च होतात, कधी राहून जातं. पण सोसावं त्या बाईला लागतं.

म्हणून मोबाइलवरून बिल भरायचा पहिला फायदा मी वेळेचा सांगत नाही, पैशाचाही सांगत नाही. पहिला फायदा पावतीचा आहे. पैसे गेले की त्याच मिनिटाला तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा नंबर आपल्या फोनमध्ये येतो. तो कोणाला मागावा लागत नाही. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपण गटातून घरात नेतो, एवढीच ही गोष्ट आहे.

आता पैशाचं बोलू, आणि खरं खरं बोलू. महावितरण ऑनलाइन बिल भरणाऱ्या घरगुती ग्राहकाला पाव टक्का सूट देतं. आठशे रुपयांच्या बिलावर ते झाले दोन रुपये. बिलावर छापलेल्या पहिल्या तारखेच्या आत भरलं तर एक टक्का सूट मिळते, म्हणजे सात-आठ रुपये. कागदी बिल नको म्हणून ‘गो ग्रीन’मध्ये नाव नोंदवलं तर बिलामागे दहा रुपयांच्या हिशेबाने सूट. सगळं धरून महिन्याला वीसेक रुपये, वर्षाला दोनशे चाळीसच्या आसपास. एवढ्यासाठी कोणी श्रीमंत होत नाही. पण उशीर केला तर उलटं होतं. मुदत गेली की सव्वा टक्का दंड बसतो, म्हणजे आठशेला दहा रुपये, आणि सूट गेली ती वेगळीच.

मोठा पैसा दुसरीकडे वाचतो. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीचं तिकीट अर्ध झालं. तिकीट अर्ध झालं, पण दिवस अर्धा होत नाही. गाडीची वाट बघा, रांगेत उभं राहा, सर्व्हर बंद असला तर जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबा. दुपार तिथेच होते. रोजगार हमीची मजुरीसुद्धा आपल्या राज्यात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. सोयाबीन काढणीच्या दिवसांत रोज त्याहून जास्तच जातो. आठशे रुपयांचं बिल भरायला आपण एक रोज बुडवतो, हे आपण कधी हिशेबात धरत नाही, कारण बाईचा दिवस फुकट असतो असं सगळ्यांनी ठरवलेलं आहे. आपण तसं धरायचं नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाला फार लागू आहे. दिवाळीनंतर किती कुटुंबं ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर जातात, पुण्या-मुंबईला जातात. घराला कुलूप असतं, पण मीटर चालू असतो. वापर नसला तरी स्थिर आकार लागतोच. सहा महिन्यांनी परत यावं तर थकबाकी, आणि कधी कधी तोडलेली लाईन. मोबाइलवर बिल भरायला घरी असावं लागत नाही. तुमच्याकडे ग्राहक क्रमांक असला की साखर कारखान्याच्या फडातूनही पुसेगावच्या घराचं बिल भरता येतं.

आता भरायचं कसं ते सांगते. ज्यांच्याकडे बिल आणलेलं आहे त्यांनी समोर धरा.

बिलावर वरच्या भागात बारा आकडी ग्राहक क्रमांक आहे. त्याच्या जवळच चार आकडी बिलिंग युनिट असतं, इंग्रजीत बीयू लिहिलेलं. हे दोन आकडे म्हणजे आपल्या मीटरचं नाव-गाव. मीटर सासऱ्यांच्या नावावर असेल, मालकांच्या नावावर असेल, काही अडत नाही. बिल कोणीही भरू शकतं. हे दोन्ही आकडे घरात भिंतीवर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

दुसरं, आपलं बँक खातं आणि आपला मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे. लाडक्या बहिणीचे दीड हजार ज्या खात्यात येतात, ते खातं तुमचंच आहे. पण त्याला नंबर कोणाचा जोडलाय? दहा जणींपैकी किती जणींचा स्वतःचा आहे? नसेल तर बँकेत जाऊन अर्ज द्या. बँक सखी तुम्हाला मदत करतील.

तिसरं, यूपीआय. २०१६ साली हे सुरू झालं. भीम, फोनपे, गुगल पे, पेटीएम, नाहीतर तुमच्या बँकेचं अ‍ॅप, कोणतंही चालतं. भाषा मराठी निवडता येते. एटीएम कार्ड नसेल तरी आधारवरून पिन तयार करता येतो, पण त्यासाठी आधारलाही तोच मोबाइल नंबर जोडलेला लागतो. पिन चार किंवा सहा आकडी असतो.

मग अ‍ॅप उघडायचं, वीज बिल निवडायचं, महाराष्ट्राची महावितरण कंपनी निवडायची, ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट टाकायचं. पडद्यावर मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांचं नाव आणि रक्कम येते. इथे थांबायचं. नाव आपल्या घरचं आहे का, रक्कम हातातल्या बिलाशी जुळते का, हे बघायचं. एक आकडा चुकला तर दुसऱ्याच्याच घराचं बिल भरलं जाईल. काही अ‍ॅप दोन-चार रुपये स्वतःचे वरून लावतात, म्हणून शेवटची एकूण रक्कमही बघायची. महावितरणच्या स्वतःच्या अ‍ॅपवर यूपीआयने भरलं तर असे वरचे पैसे लागत नाहीत. सगळं जुळलं की मगच पिन.

भरून झाल्यावर पावतीचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, ठेवा. आणि एक साधी वही करा. महिना, जुनं रीडिंग, नवं रीडिंग, युनिट, रक्कम, भरल्याची तारीख, व्यवहाराचा नंबर. वही कशाला? तर बिल भरण्याबरोबर बिल वाचायचीही सवय लागते. मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळतो का ते कळतं. शंभर युनिटांच्या पुढे दर बराच चढतो, तर कोणत्या महिन्यात आपण शंभराच्या पुढे गेलो ते कळतं. रीडिंग चुकलं असेल तर १९१२ या नंबरवर तक्रार करता येते. एका ताईने मला विचारलं, “मोटारीचं पण असंच भरायचं का?” साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारची मोफत वीज योजना आहे. आपण घरच्या मीटरचं बोलतोय.

आपला नंबर महावितरणकडे नोंदवला की बिल किती आलं, मुदत कधी आहे, वीज कधी जाणार आहे, याचे संदेश आपल्याच फोनवर येतात. त्यासाठी इंग्रजी अक्षरांत एम-आर-ई-जी लिहायचं, मध्ये एक जागा सोडायची, बारा आकडी ग्राहक क्रमांक लिहायचा आणि ९९३०३९९३०३ या नंबरवर संदेश पाठवायचा. ‘गो ग्रीन’साठी ईमेल लागतो, आणि छापील बिलावरचा पंधरा आकडी जीजीएन क्रमांक लागतो. घरात कॉलेजला जाणारी लेक असेल तर तिच्या हातून करून घ्या. पण कागद बंद केला की दर महिन्याला संदेश बघायची जबाबदारी आपली, हे विसरू नका.

हीच रीत गॅसच्या टाकीला, मोबाइलच्या रिचार्जला चालते. ग्रामपंचायतीत क्यूआर कोड लावलेला असेल तर घरपट्टी-पाणीपट्टीलाही चालते. पावती मात्र ग्रामपंचायतीच्या शिक्क्याची मागून घ्या.

आता स्मार्टफोनच नाही, साधा बटनांचा फोन आहे, तर? त्यांच्यासाठीही सोय आहे. ८ मार्च २०२२ ला, महिला दिनाच्याच दिवशी, रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३ पे’ सुरू केलं. त्यात फोन लावून, आवाज ऐकून, बटनं दाबून पैसे देता येतात. आणि तेही जमत नसेल तर गावातल्या बीसी सखीकडे किंवा सेवा केंद्रावर जा. फक्त पावती हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.

आता जरा कान देऊन ऐका, कारण इथेच लोक फसतात.

रात्री संदेश येतो. “तुमचं मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, लगेच या नंबरवर फोन करा.” घरात लेकराची परीक्षा असते, म्हातारं माणूस आजारी असतं. बाई घाबरते आणि फोन लावते. समोरचा गोड बोलतो, “ताई, एक अ‍ॅप टाका, फक्त दहा रुपये भरा.” आणि दहा रुपये भरता भरता खातं रिकामं होतं. बचत गटाच्या हप्त्याला ठेवलेले पैसे, लाडक्या बहिणीचे पैसे, सगळे.

म्हणून कायदा माहीत असू द्या. विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ म्हणतं की थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री साडेनऊला’ असं काही नसतं. दुसरं, महावितरणचा खरा संदेश कोणाच्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत एमएसईडीसीएल असं असतं. शंका आली तर त्या संदेशातल्या नंबरवर फोन करायचा नाही. १९१२ ला लावायचा, नाहीतर आपल्या अ‍ॅपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून बघायचं. थकबाकी असेल तर तिथे दिसेलच. आणि जी नियमित भरते, जिच्या वहीत पावतीचा नंबर आहे, ती अशा संदेशाला घाबरतच नाही. ती वही उघडून बघते.

काही गोष्टी मात्र जात्यावरच्या ओवीसारख्या पाठ करा. पिन पैसे देताना लागतो, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी म्हणालं, “तुम्हाला बक्षीस पाठवतो, पिन टाका,” तर तो चोर समजा. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, बँकेच्या माणसालासुद्धा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल उघडून अ‍ॅप टाकायचं नाही. गॅसवाल्याचा जो कोड येतो तो तेवढा टाकी दारात उतरल्यावर द्यायचा, आधी फोनवर नाही.

तरीही कोणी फसलंच तर लपवू नका. घरचे रागावतील म्हणून बाई दोन दिवस बोलत नाही आणि तेवढ्यात पैसे पुढच्या पुढे जातात. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे की बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. म्हणजे किती लवकर कळवलं यावर सगळं आहे. आणि गटातल्या बाकी जणींनी तिला हसायचं नाही. हसलं की पुढची बाई सांगणार नाही.

कधी फसवणूक नसते, नुसतं नेटवर्क जातं. पैसे कटतात आणि बिल भरलेलं दिसत नाही. तेव्हा घाईने दुसऱ्यांदा भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असा अडकलेला भरणा पाच दिवसांत आपोआप खात्यात परत आला पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची आहे. म्हणूनच शेवटच्या तारखेला भरायला बसू नका, चार-आठ दिवस हाताशी ठेवा.

खात्याचंही सांगते. सगळी जमा फोनला जोडलेल्या खात्यात ठेवू नका. बिलापुरते, बाजारापुरते पैसे त्यात असू द्या. आणि गटाचं खातं कधीही, कोणाच्याही फोनला जोडायचं नाही. गटाचा पैसा दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीनेच निघाला पाहिजे.

आता शेवटची आणि जरा अवघड गोष्ट. मघाशी चहाच्या वेळी एकजण म्हणाल्या, “ताई, आमच्या घरी मालकच मोबाइलवर भरतात, मग मी काहून शिकू?” चांगलं आहे, भरू द्या. पण पावती कुठे येते, पिन कोणाचा आहे आणि खातं कोणाचं आहे, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. मला अशा बाया भेटतात, ज्यांच्या नावावर खातं आहे, पण फोन मुलाकडे आणि पिन मालकाच्या डोक्यात. दीड हजार आले की गेले, तिला कळतही नाही. एके काळी आपण अंगठा देत होतो आणि वर काय लिहिलंय ते माहीत नसायचं. गटात आल्यावर आपण सही शिकलो. पिन ही आजची सही आहे. आपल्या खात्याचा पिन दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे पुन्हा कोऱ्या कागदावर अंगठा देणं.

यासाठी घरात भांडण करू नका. सही शिकताना आपण भांडलो नव्हतो, शिकलो होतो. मालकांना म्हणा, “या महिन्याचं बिल माझ्या हाताने भरू द्या, तुम्ही बाजूला बसून बघा.” एक महिना ते बघतील, दुसऱ्या महिन्यापासून बघणारही नाहीत. फोन घरात एकच असला तरी चालेल. फोन सामाईक असू शकतो, पिन सामाईक नसतो.

तर ठरवू या. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं बिल आणायचं. प्रत्येक गटातून दोघी निवडायच्या, ज्यांना हे जमतं. त्यांनी बाकीच्या जणींना शेजारी बसून दाखवायचं. पण लक्षात ठेवा, फोन जिचा, बोट तिचंच. शिकवणारीने दुसरीचा पिन टाकायचा नाही आणि टाकताना बघायचाही नाही, मान वळवायची. आणि तीन महिन्यांनी आपण बैठकीत विचारू, किती जणींच्या वहीत बिलाच्या तीन ओळी भरल्या.

वाण म्हणून आज प्रत्येकीला एक छोटी वही दिली आहे. पहिल्या पानावर बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट लिहा. पिन मात्र त्यात लिहू नका, तो डोक्यातच ठेवा.

 आता ज्यांनी बिल आणि फोन दोन्ही आणलंय त्यांनी इकडे बसून घ्या, आपण करून बघू.